कठड्यावरचा नंबर

भोकरदन तालुक्यात विहिरीत काही पडलं, मग ती पाण्याची मोटार असो, शेळी असो की माणूस, लोक पहिला फोन बदरोद्दीनचाचांना लावतात. पोलीस पाटलाचा नंबर त्यानंतर. चाचांचं वय साठीला टेकलंय, दाढी पांढरी झालीय, पण छाती अजून भात्यासारखी चालते. श्वास भरून ते पाण्याखाली गेले की काठावरची माणसंही नकळत आपला श्वास धरतात, आणि चाचा वर यायच्या कितीतरी आधी त्यांचा सुटतो.

हे काम त्यांनी वडिलांकडून घेतलं. वडील विहिरी खोदणाऱ्या टोळीत होते. खोदलेल्या विहिरीत पाणी भरलं की त्यात राहून गेलेली पहार, घमेलं काढायला तेच बुडी मारत. खाली काय असतं, असं कुणी विचारलं तर चाचा सांगतात, "वरचं पाणी कोमट लागतं. मंग गार. त्याच्या खाली अजून एक गार असतं, दात वाजवणारं. तिथं डोळे कामाचे न्हाईत. हातच पाह्यतात." इतक्या वर्षांत त्यांच्या हातांनी खाली पुष्कळ पाहिलं. वेळेवर पोचले तेव्हा वर आणलेली माणसं खोकत, रडत उठून बसली. उशीर झाला तेव्हाची माणसंही त्यांनीच वर आणली. त्यांच्याबद्दल ते बोलत नाहीत.

म्हणून फोन ही चाचांच्या लेखी गंमतीची वस्तू नव्हती. पुष्कळ वर्षांपूर्वी पहिल्यांदा घेतला तेव्हा दुकानदारानं विचारलं होतं, "रिचार्जवाला देऊ का महिन्याच्या बिलाचा?"

चाचांनी उलट विचारलं, "यातला बंद कोणता पडत न्हाई?"

"बिलाचा."

"मंग तोच."

तेव्हापासून दर महिन्याला ते बिल भरत आले, आणि फोन एकदाही बंद पडला नाही. शेवटी चारशे चौदा येणारा तो नंबर गावोगावी लोकांच्या तोंडात बसला.

या हिवाळ्याच्या तोंडाशी मात्र चाचांना ताप आला आणि तो चांगलाच लांबला. बिल राहून गेलं. कंपनीचे संदेश इंग्रजीत येत होते, ते कुणी उघडून पाहिले नाहीत. एक दिवस त्यांनी फोन लावायला घेतला, तर लागेना. मुलगी महजबीन शिवणाचा क्लास चालवते. तिनं फोन हातात घेतला, संदेश वाचले आणि कपाळावर हात मारला.

"अब्बा, अजून काही दिवस गेले असते तर नंबरच कापला गेला असता."

त्या दिवशी बिल भरलं, पण चाचांना झोप लागेना. महजबीन म्हणाली, "रिचार्जवाला करून घेऊ. वर्षभराचं मी एकदम टाकते. तुमच्या ध्यानात राहो न राहो, फोन चालू राहील."

"आणि नंबर?"

"तोच राहतो."

"कार्ड?"

"कार्ड नवीन मिळतं."

चाचा विचारात पडले. "कार्ड नवीन, मग नंबर जुना कसा?"

"नंबर कार्डात नसतो, अब्बा."

"मग कुठं असतो?"

महजबीनला सुईत दोरा ओवायचा होता. ती म्हणाली, "हवेत असतो असं समजा."

चाचांनी खरंच वर पाहिलं. अंगणावरच्या त्या मोकळ्या आभाळात आपले दहा आकडे कुठंतरी तरंगत असतील आणि कुणीतरी ते ओळखून घरी आणून सोडत असेल, असं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढं आलं. भीती एकाच गोष्टीची होती. नंबर चुकून दुसऱ्या कुणाला गेला तर? कुणी रडत फोन लावायचं आणि तो उचलायचा कुठल्यातरी शहरातला अनोळखी माणूस.

शेवटी एका सकाळी ते बसस्टँडजवळच्या रेणूच्या मोबाईलच्या दुकानात गेले. दुकान रेणूचंच, चालवतेही तीच. तिनं आधार कार्ड घेतलं, फोटो काढायला चाचांना उजेडाकडं तोंड करायला सांगितलं.

"डोळे मिटू नका चाचा, बराबर येऊन न्हाई राह्यला."

मग फोनवर आलेले आकडे विचारून घेतले, कशावर तरी बोटं चालवली आणि नखाएवढं एक कार्ड त्यांच्या फोनमध्ये सरकवलं. "झालं. जुनं कार्ड आता बंद पडंल. संध्याकाळपर्यंत नव्याच्या सिग्नलच्या काड्या दिसतील. मंग महजबीनदीदीला कंपनीत एक फोन लावून नाव-पत्ता पक्का करायला सांगा, की चालू."

"आन् संध्याकाळपर्यंत?"

"संध्याकाळपर्यंत आराम करा की!"

चाचा दुकानाच्या पायरीवर उभे होते तेवढ्यात फोनच्या कोपऱ्यातल्या काड्या गेल्या. त्यांना एकदम हलकं वाटायला हवं होतं, पण वाटलं उलटंच. आत्ता या क्षणी कुणी त्यांना हाक मारली तर ती त्यांच्यापर्यंत पोचणार नव्हती. असं कितीतरी वर्षांत झालं नव्हतं.

घरी बसणं त्यांना जमलं नाही. मोटारसायकलला दोराची पिशवी आणि गळ कायम बांधलेला असे. ते तसेच पिंपळगाव रेणुकाईच्या रस्त्याला लागले. फाट्या-फाट्यावरच्या चहावाल्यांना सांगत निघाले, "आज माझा फोन बंद हाय. काही झालं तर पोरीच्या नंबरवर लावा." पुढं एका आतल्या रस्त्याला वळले. त्या गावात त्यांचं कधी काम पडलं नव्हतं. तहान लागली म्हणून रस्त्याकडेच्या एका विहिरीपाशी थांबले.

विहीर नवीच होती. कठड्याचं सिमेंट अजून पांढरट होतं. पाणी शेंदायला वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

सिमेंट ओलं असतानाच बोटानं किंवा खिळ्यानं दहा आकडे कोरले होते. नाव नव्हतं, गाव नव्हतं. शेवटी चारशे चौदा.

जवळच लसणाच्या वाफ्यात एक बाई खुरपत होत्या. त्यांचं नाव गोपिकाबाई. चाचांनी विचारलं, "बाई, हा नंबर कुणाचा हाय?"

"बुडीवाल्याचा," गोपिकाबाई मान वर न करताच म्हणाल्या.

"तुमच्या वळखीचा हाय का?"

"न्हाई बा. आम्ही कुठं पाह्यलं त्याला. पण सुग्रीव गवंडी लिवतोच. लिवल्याबिगर कठडा पुरा होत न्हाई म्हणतो."

"सगळ्याच विहिरींवर?"

"त्यानं बांधलेल्या सगळ्या. पलीकडं देवानंदच्या विहिरीवर बी हाय, पाहा जाऊन." एवढं बोलून त्यांनी खुरपं टोपलीत टाकलं, टोपली डोक्यावर घेतली आणि घराकडं निघून गेल्या.

मधल्या गव्हाला नुकतंच पाणी दिलं होतं. चिखलात चपला रुततील म्हणून चाचांनी त्या कठड्यापाशी काढून ठेवल्या आणि अनवाणी बांधाबांधानं पलीकडं गेले. देवानंदची विहीर दोन शेतं सोडून, थोड्या उतारावर होती. तिथंही तेच आकडे. या विहिरीची पूजा झालेली असावी. नारळाच्या शेंड्या पडल्या होत्या, आणि घरातल्या बाईनं कठड्याला हळदीकुंकू लावताना त्या आकड्यांनाही लावलं होतं. प्रत्येक आकड्याला वेगळं बोट.

चाचा तिथं खाली बसले. त्यांनी कुठंच आपला नंबर लिहिला नव्हता. कुणाला लिहायलाही सांगितलं नव्हतं. सुग्रीव गवंडी कोण, ते त्यांना ठाऊक नव्हतं. आणि या सगळ्या माणसांनी, चेहराही न पाहता, पाण्याच्या इतक्या जवळ त्यांना बसवून ठेवलं होतं. त्या तापात त्यांनी तो नंबर गमावला असता तर या दगडी विहिरींना कोण जाऊन सांगणार होतं?

दुपारच्या नमाजची, जुहरची वेळ झाली होती. त्याच पाण्यानं हात-तोंड धुऊन, वजू करून, उपरणं अंथरून त्यांनी तिथंच नमाज पढली. दुआसाठी हात वर केले, पण मागावं काय ते सुचेना. कितीतरी वेळ ते तसेच बसून राहिले.

परत येताना लांबूनच गलका ऐकू आला. पहिल्या विहिरीभोवती माणसांची गर्दी उसळली होती. बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या, दोन माणसं दोर धरून होती, आणि सगळ्यांच्या नजरा आत. चाचा धावत आले, सवयीनं सदऱ्याच्या गुंड्या सोडू लागले.

"कोण पडलं?" त्यांनी पाठमोऱ्या माणसाला विचारलं.

"बदरोद्दीनचाचा," तो माणूस वळूनही न पाहता म्हणाला. "फोन बंद लागून राह्यला सकाळपासून. गाडी हितंच हाय, गळ हितंच हाय, चपला काठावर. एकटेच उतरले असतील काही काढायला."

चाचांच्या बोटांतली गुंडी तशीच राहिली.

झालं होतं असं. शेजारच्या गावच्या काकासाहेबांची मोटार विहिरीत पडली होती. त्यांनी फोन लावला तर बंद. पुन्हा लावला तरी बंद. ज्याचा फोन कधी बंद नसतो त्याचा बंद आहे म्हटल्यावर त्यांनी चार ठिकाणी विचारलं. शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकलं. तेवढ्यात कुणाला रस्त्याकडेची मोटारसायकल दिसली. ती गाडी तालुक्यात पुष्कळ जण ओळखतात.

"अरे, मी हितं हाय," चाचा म्हणाले.

कुणी ऐकलं नाही. सगळे पाण्याकडं पाहत होते.

पाणी फुटलं आणि एक तरुण बाप्या वर आला. गोरक्षनाथ, ट्रॅक्टर चालवणारा, दोन लेकरांचा बाप. ओठ निळे पडले होते, हुडहुडी भरली होती. कठड्याच्या आतल्या कपारीला धरून त्यानं मूठ वर केली. मुठीत काळा चिखल होता. तळ गाठल्याची हीच खूण.

"सापडंना," तो धापा टाकत म्हणाला. "अजून एकदा जातो. कोपऱ्यात गेले असतील."

"नको जाऊ!" चाचा ओरडले. "मी हितं हाय, लेकरा! वर ये!"

तेव्हा गर्दी वळली. मग एक बाई रडायलाच लागली, काकासाहेबांनी चाचांना दोन्ही खांद्यांना धरून हलवलं, आणि एक म्हातारे गृहस्थ चक्क शिव्या देऊ लागले, "फोन बंद ठिवतेत का कुणी असा!" गडबड ऐकून गोपिकाबाईही आल्या. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "मघा माह्याशी बोलले ते हेच होय!"

चाचांचं तिकडं लक्ष नव्हतं. गोरक्षनाथला वर ओढून घेतलं होतं. त्यांनी स्वतःचं उपरणं त्याच्या खांद्यांवर टाकलं आणि त्याची ती चिखलानं भरलेली मूठ दोन्ही हातांत धरली. आयुष्यभर ते लोकांसाठी खाली गेले होते. त्यांच्यासाठी कुणी खाली जाईल, असं त्यांच्या मनातही कधी आलं नव्हतं.

"बुडी मारायला कुठं शिकलास?"

"शिकलो न्हाई," गोरक्षनाथ दात वाजवत म्हणाला. "तुम्ही आमच्या गावात बैल काढला तव्हा पाह्यलं व्हतं. तसंच केलं."

चाचांनी उपरणं त्याच्याभोवती आणखी घट्ट ओढलं. काकासाहेबांनी कुणाच्या तरी घरून चहा आणवला. तिथंच काठावर सगळ्यांनी तो घेतला, आणि मग चाचांनी काकासाहेबांच्या विहिरीतली मोटार दिवस मावळायच्या आत काढून दिली.

घरी पोचले तेव्हा नव्या कार्डाच्या काड्या आल्या होत्या. महजबीननं त्यावरून कंपनीच्या नंबरवर फोन लावला, पलीकडच्या मशीननं विचारलं तसं नाव-पत्ता पक्का केला. मग आपल्या फोनवरून चाचांना लावून पाहिला. तिच्या पडद्यावर तेच दहा आकडे. चाचांनी फोन उलटा करून, सुलटा करून पाहिला. कार्ड नवं, करार नवा, आणि नंबर जसाच्या तसा.

त्यानंतर फोन थांबेचना. तालुकाभर बातमी पसरली होती. "चाचा, बरे हायेत ना?" "हाव, बराच हाय." पत्नी अजीजुन्निसांनी ताट वाढून ठेवलं होतं. घास हातात धरून चाचा प्रत्येकाला उत्तर देत होते. एक फोन कुण्या अनोळखी बाईचा आला.

"बुडीवाले का?"

"हाव. काय पडलं?" चाचा उठूनच उभे राहिले.

"न्हाई, काही पडलं न्हाई. आमच्या हिरीवर लिवेल हाय ना, म्हून लागतो का तेवढं पाह्यलं. ठेवते."

तिनं फोन ठेवला. चाचा खाली बसले, फोन ताटाशेजारी ठेवला आणि जेवू लागले.