त्या तिघींची नुसती पहिली नावं

खण्ण… स्टीलच्या ट्रेमध्ये इन्स्ट्रुमेंट ठेवल्याचा तो आवाज. मिरजेला शिकत होतो तेव्हा पहिल्यांदा कानावर पडला. शाळेत कविता म्हणताना यतीवर थांबायचो ना, तसा तो ऑपरेशनच्या मध्ये मध्ये यायचा… आणि मला चक्क गोड वाटायचा.

पुढे इकडे बर्मिंगहॅमला आलो, स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून रिटायर झालो. आयुष्यभर तपासणीचं जे इन्स्ट्रुमेंट हातात होतं, त्याला एका अमेरिकन सर्जनचं नाव आहे. बाळंतपणात इजा होऊन ज्यांची लघवी कायमची गळत राहते, अशा बायकांना बरं करणारा माणूस… एवढंच परीक्षेपुरतं पाठ केलेलं.

यंदा आमच्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला माझं भाषण ठरलं. मी उत्साहानं विषय कळवला, 'स्त्रियांचा देवमाणूस'. सेक्रेटरी जोगळेकरांनी तो लगेच ग्रुपवर टाकलासुद्धा. त्या सर्जनवर मी शार्दूलविक्रीडितात चार ओळीही रचल्या… हौस, दुसरं काय.

त्या ओळी मुक्ताला फोनवर ऐकवल्या. मुक्ता माझी मुलगी, इथेच जन्मली, कार्डिफला मिडवाइफ आहे.

"बाबा, सिरियसली? त्याची स्टोरी तुम्हाला माहीत नाही?"

खरंच माहीत नव्हती. तो ते ऑपरेशन शिकला गुलाम बायकांवर… भूल न देता, पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षं. नको म्हणायची त्यांना सोयच नव्हती. त्यांतल्या तिघींची नुसती पहिली नावं उरली आहेत. आडनाव नाही, फोटो नाही. बाकीच्यांचं तर तेवढंही नाही.

भूल तेव्हा नवीनच होती, शेवटी आजार बराही झाला, असं त्याची बाजू घेणारे म्हणतात. त्याचा एक पुतळा मात्र काही वर्षांपूर्वी जागेवरून हलवला. मी दोन्हीकडचं वाचत बसलो… आणि कानातलं ते 'खण्ण' काही केल्या थांबेना.

भाषण बदलायचं ठरवलं. जोगळेकरांना आधी सांगून ठेवावं म्हणून फोन केला.

"अहो डॉक्टर, हळदीकुंकू आहे! नटूनथटून आलेल्या बायकांपुढे लघवी काय, गुलाम काय… एखादी छानशी कविता म्हणा की!"

त्यांचंही चूक नव्हतं. इतकी वर्षं मी हे बोललो ते पडद्याआड, इंग्रजीत, एकेका पेशंटशी. इथे समोर सगळ्या ओळखीच्या वहिनी, ज्यांच्या हातचं जेवलो त्या. माझी बायको मालती गेल्यापासून या मंडळाशिवाय मला आहे कोण? तीच माणसं दुरावली तर… रात्री कूस बदलत हाच एक विचार.

रविवारी हॉलमध्ये उभा राहिलो. श्लोक खिशातच ठेवला. आधी त्या तिघींची नावं घेतली, एकेक, सावकाश, वर्गात हजेरी घ्यावी तशी. मग त्यांचा आजार सरळ शब्दांत सांगितला. हेही म्हणालो, की कमी-जास्त असा त्रास आजही कितीतरी जणींना होतो, इथे इंग्लंडमध्येसुद्धा. लाजेपायी झाकून ठेवतात, पण त्यावर इलाज असतो.

टाळ्या नाहीत. कुणीतरी खुर्ची सरकवली.

"चला चला, चहा गार होतोय," जोगळेकर म्हणाले.

चहाच्या टेबलापाशी माझ्याभोवती चांगली ऐसपैस जागा झाली होती. देशपांडे वहिनी मला दर वेळी डबा भरून देतात… त्या कोट चढवून केव्हा गेल्या कळलंच नाही.

नंतर ग्रुप चिडीचूप. एरवी सकाळी गुड मॉर्निंगच्या फुलांनी फोन भरून जातो. मी तो पालथा ठेवायचो, पुन्हा उचलून बघायचो… काही नाही. माफीचा मेसेज लिहिला, खोडला, परत लिहिला. माफी नेमकी कशाची मागायची, तेच सुचेना.

काल दुपारी बेल वाजली. पार्सल असेल म्हणून चपला फरफटत गेलो.

दारात मंडळातल्या एक बाई. (नाव लिहीत नाही. हे लिहायची परवानगी मात्र त्यांनीच दिली आहे.) वयानं माझ्याहून मोठ्या, फारसं कुणाशी न बोलणाऱ्या. रविवारी त्या हॉलमध्ये होत्या हेही मला आठवेना. मुलगा-सून नेहमी गाडीनं आणतात, काल मात्र एकट्याच, पर्स छातीशी धरून.

"इथून चालले होते… म्हटलं, डोकावून जावं."

आमची गल्ली पुढे बंद आहे. इथून कुणी कुठेच जात नाही.

मी दार पूर्ण उघडलं. त्या आत येईनात. उंबऱ्यापाशीच उभं राहून, माझ्याकडे न बघता, हळूच म्हणाल्या,

"डॉक्टर, ते… या वयातही बरं होतं का हो?"