बंद घरातला फोन

त्या काळी आमच्यासारख्या भाडेकरूचा फोन नंबर म्हणजे घरमालकांचाच नंबर. पुढे ‘पीपी’ लिहायचं, म्हणजे माणूस बोलावून आणावा लागेल हे समोरच्याला कळायचं. पंचवटीत मालकांच्या घरामागे आमची एक खोली होती. भाडं माझ्या कारकुनी पगारात बसायचं. घरातला मी पहिलाच पदवीधर, गावाकडे वडील ज्याला त्याला सांगत, “पोराकडं फोन हाय नाशकात.” मालकीणबाई कधी कुरकुरल्या नाहीत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक मारायच्या, “अहो, सटाण्याहून फोन!” आणि मी अनवाणीच धावायचो. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही.

बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी, सटाण्याला होती. मी जाणारच होतो, पण सासऱ्यांनी बजावलं, “अडलं तर नाशिकलाच हलवावं लागेल म्हणतात डॉक्टर. तुम्ही तिथंच थांबा. फोनपासून हलू नका.” म्हणून थांबलो.

रविवारी मालक-मालकीणबाई साखरपुड्यासाठी मनमाडला गेले. संध्याकाळी येतो म्हणाले. किल्ली मागायची माझी हिंमत झाली नाही. मालकाच्या घराची किल्ली भाडेकरू मागत नसतो.

दुपारी जेवायला बसणार तोच आत घंटी वाजू लागली.

दाराला कुलूप. खिडकी उघडी होती, पण तिला गज. आत तिपाईवर, विणलेल्या रुमालाखाली फोन वाजत होता. थांबला, पुन्हा वाजू लागला. शेजारच्या खोलीतले रिक्षावाले काका बाहेर आले.

“काय साहेब, नुसतं बघून उचलला जाईल का तो?”

“काय करू मग?”

त्यांनी जळमटं काढायची काठी आणली. “घाला आत. रिसिव्हर पाडा आणि ओरडा. ऐकतील तिकडचे.”

मी खांद्यापर्यंत हात गजांतून आत घातला. रुमाल सरकला, रिसिव्हर पडून तिपाईच्या कडेला लोंबकळू लागला. त्यातून सासऱ्यांचा आवाज आला, अगदी बारीक. “हॅलो... जरा आमच्या जावयांना...” पुढचं कळेना.

“मामा, मी इथंच आहे! बोला!”

“खिडकीत हायेत ते! बोला!” काकाही ओरडले. समोरच्या गच्चीवरची माणसं बघायला लागली. तिकडून नुसतं हॅलो, हॅलो. मग तेही बंद झालं.

रिसिव्हर काही केल्या जागेवर बसेना. आता मालक येईपर्यंत त्या नंबरावर कुणाचाच फोन लागणार नव्हता. सासरे दवाखान्यासमोरच्या किराणा दुकानातून बोलायचे. काकांनी मला एसटीडी बूथवर नेलं, मी दुकानात फोन लावला.

“ते आत्ताच पळत गेले,” दुकानदार म्हणाला. “काय झालं, नाय माहीत बुवा.”

काकांनी तसंच स्टँडवर सोडलं, रिक्षाचे पैसे घेतले नाहीत. तिला नाशिकला हलवलं असेल तर आमची वाटेतच चुकामूक होणार होती. सटाण्यापर्यंत मी समोरून येणाऱ्या प्रत्येक जीपमध्ये डोकावत राहिलो.

दवाखान्यात पोहोचलो तेव्हा सिझर होऊन गेलं होतं. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. फोन माझी परवानगी विचारायला होता.

“सही बाबांनी केली,” बायको म्हणाली. “मी त्यांना थांबवत होते, तुम्हाला विचारा म्हणून. कुठं होता तुम्ही?”

“फोनपाशीच होतो,” मी म्हणालो.

तिनं तोंड भिंतीकडे वळवलं.