बंद कंप्युटरकडून आलेले अठरा नकार

मागच्या ऑगस्टमधला दुसरा शुक्रवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. मशीन अठरा, अडकलेले स्कॅन सहाशे बारा. घरात मी आणि बायको सुनंदा. फोनवर आमचे मालक. आकडे आधी सांगतो, कारण मी आकड्यांचा माणूस आहे. भूतखेतं, भास... असल्या गोष्टींना पन्नास वर्षांत मी कधी थारा दिला नाही.

राहतो जबलपूरला, मदन महल स्टेशनजवळ. आमची छोटी कंपनी इस्पितळांचे स्कॅन तपासून रिपोर्ट बनवते. स्कॅन तपासणारे कंप्युटर म्हणजे आमच्या मशीन; त्या सांभाळायला क्लस्टर मॅनेजर नावाचा प्रोग्रॅम आहे. त्याचं काम पंगतीतल्या वाढप्यासारखं. मोकळ्या मशीन घेऊन तो प्रत्येक शेड्यूलरपुढे – म्हणजे कामं वाटणाऱ्या प्रोग्रॅमपुढे – जातो : घेणार का? हो म्हटलं की काम सुरू. नको म्हटलं, तर आपण सांगू तितके सेकंद तो परत फिरकत नाही.

शेड्यूलर दोन होते. एक माझा, दुसरा विलासचा. विलास इथल्याच खमरिया भागातला, कंपनीत सात वर्षं माझा सोबती. माझा नकार दहा सेकंदांचा असायचा, तो मुद्दाम अकराचा ठेवायचा. "दादा, दोघांनी एकदमच पान पुढे केलं तर वाढणाऱ्यानं जावं कुठं?" म्हणायचा.

मे महिन्यात सगळं काम तीन तास अडलं. सगळं बंद करून पुन्हा चालू केल्यावरच सुटलं. अहवालात मी लिहिलं – विलासच्या प्रोग्रॅमने मशीन अडवून ठेवल्या. मला तसं वाटलं होतं... तपासलं मात्र नव्हतं. विलासला काढलं. जुलैमध्ये तो हार्ट अटॅकने गेला. त्याचा प्रोग्रॅम मीच पुसला आणि तो ज्या कंप्युटरवर चालायचा, तो घरी आणून कपाटात ठेवला.

आणि ऑगस्टमध्ये पुन्हा तेच. मशीन रिकाम्या, स्कॅन रांगेत. मालक फोनवर कडाडले, "भैया, अब किसका नाम लोगे?"

मी लॉग, म्हणजे प्रोग्रॅमची नोंदवही, उघडला. तेवढ्यात यादीत दुसरा शेड्यूलर आला. विलासचा. एकामागून एक अठरा मशीन त्याच्यापुढे गेल्या, अठरा नकार आले. प्रत्येक अकरा सेकंदांचा. आणि पत्ता – कपाटातल्या कंप्युटरचा.

"सुनंदा, कपाटातला कंप्युटर चालू आहे का गं?"

"काहून विचारून राहिले? त्याच्यावर गोधड्या रचल्या मी."

"बघ ना एकदा."

ती बघून आली. "थंडगार आहे. वायर पण नाही त्याला. अन् तुम्हाला घाम काहून फुटला, पंख्याखाली बसून?"

अकरा सेकंदांनी परत अठरा नकार. तो काहीच अडवत नव्हता, हातात आलेलं लगेच सोडत होता. त्या ओळींच्या वर, सकाळच्या नोंदींत, माझ्या प्रोग्रॅमचे नकार होते – शहाऐंशी हजार चारशे सेकंदांचे. म्हणजे अख्खा दिवस. रांग पूर्ण रिकामी झाली तर उगाच विचारणा नको, म्हणून एप्रिलमध्ये मीच तो आकडा टाकला होता. काम आल्यावर 'आता वाढा' असा निरोप प्रोग्रॅमने पाठवायचा असतो. तो लिहायचा मी विसरलो होतो. मे महिन्याचा लॉग काढला. तिथेही हेच.

निरोप हाताने पाठवला. चार मिनिटांत स्कॅन सरकू लागले. विलासचं नाव यादीतून गेलं होतं.

सोमवारी मालकांपुढे नवा अहवाल ठेवला : मेमधली चूक माझी. त्यांनी वाचून परत दिला. "जो चला गया, उसे अब इससे क्या मिलेगा? आपने सिस्टम बचाया, बस." मी आग्रह धरला नाही. घरात दोन मुली शिकताहेत... हे कारण आहे, सबब नाही, असं मी स्वतःला सांगतो.

खमरियाला जाऊन विलासच्या बायकोला, रेखाला, खरं सांगितलं.

"ते रोज म्हणत होते, मी नाही अडवलं. मीच म्हणायची, मग कंपनी काय खोटं लिहून राहिली?" मग हळूच म्हणाली, "भाऊजी, हे कंपनीच्या कागदावर मिळेल का? पोरीला दाखवायचं होतं."

"नाही मिळणार," मी म्हणालो.

त्या अकरा सेकंदांच्या नकारांच्या ओळी मी छापून ठेवल्या आहेत. दोन जाणकारांना दाखवल्या. एक म्हणाला, जुन्या नोंदी परत उमटल्या असतील. पण वेळ त्याच दुपारची आहे, सेकंदासकट. दुसऱ्याने कागद घडी करून परत दिला.

सप्टेंबरच्या पगारात, सिस्टम वाचवल्याबद्दल, बारा हजार रुपये बक्षीस आलं. माझ्या खात्यात.