दोन गालांची कॉर्व्हेट

माझ्या वहिनीला गाडी विकायची होती, आणि ती विकली जाऊ नये म्हणून जेवढं करता येईल तेवढं तीच करत होती. मी समोरच्याच घरात राहतो. जन्मभर गावातल्या लोकांचे केस कापले. आता हात थरथरतो म्हणून दुकान बंद केलं, तेव्हा व्हरांड्यात बसून वहिनीचे उपद्व्याप बघणं एवढाच माझा धंदा. तुम्ही म्हणाल, हा ऑरिन म्हातारा भारी भोचक आहे. आहेच.

वहिनीचं नाव व्हर्ना. वय अठ्ठ्याहत्तर, उंची एवढीशी, आवाज मात्र नदीपलीकडे जाईल असा. माझा थोरला भाऊ लॉवेल तिचा नवरा. तो जाऊन चार वर्षं झाली. तरुणपणी ही बाई आठवडाभर शाळेच्या स्वयंपाकघरात डोक्याला जाळी बांधून पोरांच्या ताटात बटाट्याचा लगदा वाढायची, आणि रविवारी गावाबाहेरच्या पट्टीवर जाऊन त्याच पोरांच्या बापांना शर्यतीत धूळ चारायची. पाव मैल सरळ रस्ता, शेजारी शेजारी दोन गाड्या, दिवा हिरवा झाला की सुसाट. सोमवारी एखादं पोर ताट पुढे करून विचारायचं, "काल माझे बाबा जिंकले का हो?" ती त्याला लगदा जरा जास्त वाढायची.

ती शर्यतीची गाडी म्हणजे ही कॉर्व्हेट, दोनच माणसं मावतील अशी, जमिनीलगत बुटकी. सहासष्ट सालची, दोघांनी जुनीच घेतलेली. घेतल्यावर तिचं जे काही केलं ते त्या काळी आमच्या इंडियानात सगळेच करायचे. बॉनेट कापून त्यावर हवा खेचायला नाक बसवलं. सायलेन्सरचे पाइप दारांखालून बाहेर काढले. अंगभर चमकी मिसळलेला जांभळा रंग मारला. व्हर्नाचा पाय पोचत नव्हता म्हणून क्लचच्या पेडलवर लाकडाचा ठोकळा बसवला. राहिली मागची चाकं. ती हवी होती रुंद, आणि मडगार्डात मावेनात. म्हणून मडगार्डं कापून, फायबरचे थर चढवून फुगवायची ठरली. नेमक्या त्याच आठवड्यात नवरा-बायकोचं वाजलं.

वाजलं नूडल्सवरून. आमच्याकडे त्या घरीच लाटून, कापून करतात. चर्चच्या जेवणात, चारचौघांत, लॉवेल बोलून गेला की नूडल्स खाव्यात तर आईच्या हातच्या. झालं. आमच्याकडे बाईच्या गाडीला नावं ठेवलीत तर एक वेळ चालेल, नूडल्सना ठेवून बघा. व्हर्नाने बोलणं टाकलं. पण शर्यत तोंडावर आलेली, काम थांबवता येईना. तिने जांभळ्या रंगात ब्रश बुडवला आणि गॅरेजच्या जमिनीवर मधोमध रेघ ओढली. एक मडगार्ड तुझं, एक माझं. आठवडाभर दोघं एकाच गाडीच्या दोन बाजूंना, एकमेकांकडे पाठ करून. वासाने डोळे चुरचुरताहेत, फायबरच्या कुसांनी अंग खाजतंय, पण शब्द नाही. पॉलिश पेपर हवा असला तर कुत्र्याला सांगायचे. "डच, त्या माणसाला सांग पेपर दे." मी तेव्हा सैन्यात, जर्मनीत होतो. हे सगळं मला वहिनीकडूनच कळलं.

मी परत आलो तेव्हा गाडी तयार होती. डावं मडगार्ड गोल, घोटीव, बाळाच्या गालासारखं. उजवं म्हणजे दाढ काढून आलेल्या माणसाचा गाल. "डावं माझं," वहिनी म्हणाली. "उजवं ह्यांचं. ते सोडून दे." पुढची पन्नास वर्षं ती हेच सगळ्या जगाला सांगत आली. मीही काही कमी नाही. दर नाताळच्या जेवणाला मी विचारायचो, "काय दादा, सूज उतरली का?" लॉवेल हसायचा आणि अजून थोडे बटाटे वाढून घ्यायचा.

पुढे ती शर्यतीची पट्टी बंद पडली, तिथे मका लावला, आणि कॉर्व्हेट गॅरेजमध्ये गेली ती गेलीच. यंदा वहिनीचा गुडघा बदलला. या गाडीत बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं आणि निघायचं म्हणजे कुणीतरी वर ओढायला हवं. जिने तर आधीच जड झालेले. तिने घर विकलं. महिनाअखेर म्हाताऱ्यांच्या वसाहतीत दोन खोल्यांत जायचं, तिथे गॅरेज नाही. गाडी विकणं भाग होतं. अट एकच, दोन्ही गाल आहेत तसे राहिले पाहिजेत.

"त्याचं दुसरं काही उरलं नाही माझ्याकडे," ती म्हणाली. "कपडे चर्चला दिले. हत्यारं तू नेलीस."

हत्यारं मी नेली हे खरं आहे.

इंटरनेटवर जाहिरात टाकायची जबाबदारी माझी. जाहिरातीला फोटो हवा, म्हणून मी पाण्याचा पाइप आणि साबण घेऊन कामाला लागलो. अर्धं बॉनेट चकचकीत झालं आणि वहिनी घरातून काठी उगारत आली, नवा गुडघा असूनही.

"अरे मूर्खा, काय करतोयस?"

"धूळ काढतोय."

"चाळीस वर्षांची धूळ आहे ती. या लोकांना तीच तर हवी असते, गाडीला कुणी हात लावला नाही याची खूण."

मला वाटलं, म्हातारपणाचा परिणाम. पण पुढे जो जो आला तो बॉनेटपाशी थबकला, कुणी गेल्यासारखा हळहळला आणि विचारू लागला, हे कुणी केलं. वहिनी काठी माझ्याकडे रोखायची. धूळ कुणाची, लाज कुणाला.

पहिलं गिऱ्हाईक शिकागोचं. त्याने आल्या आल्या खिशातून चुंबक काढला. पत्र्याला लांबी, म्हणजे पुट्टी, भरून खड्डे बुजवले असतील तर चुंबक तिथे चिकटत नाही, एवढं कुठूनतरी ऐकून आलेला. दाराला लावला, पडला. बॉनेटला लावला, पडला. त्याचा चेहराच उतरला. "बाई, ही सगळी गाडी लांबीचीच आहे की."

वहिनीने चुंबक उचलून त्याच्या हातात दिला. "बाळा, ही जन्मापासूनच फायबरची आहे. चल आत, सरबत देते. फ्रिजला लावून बघ, तिथे चिकटेल."

बिचारा सरबत पिऊन गेला. चुंबक अजून फ्रिजवर आहे.

दुसरा आला तो मोठा व्यापारी. क्लेटन नाव, पांढरे बूट, गुळगुळीत बोलणं, मागे बंद ट्रेलर. गाडीभोवती दोनदा फिरला आणि अशी किंमत बोलला की मी जवळची खुर्ची ओढून बसलो. वहिनी उभीच.

"घेऊन काय करणार?" तिने विचारलं.

"नवीकोरी. हे पाइप काढायचे, बॉनेट बदलायचं, मागची ही सूज कापून टाकायची. कारखान्यातून निघाली तशी करून दाखवतो."

"ती कारखान्यातून निघाली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते," वहिनी म्हणाली. "मलाही तशी करून दाखवता का? मग देते."

तो हसला. ती हसली नाही. तिने त्याच्यासाठी कापलेला केक उचलून परत आत नेला, तेव्हा त्याला कळलं की सौदा मोडला.

ट्रेलर रिकामा गेला आणि मी भडकलो. "वहिनी, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? बुधवारी घराच्या किल्ल्या द्यायच्यात. त्या भोपळ्यासाठी एवढ्या पैशांवर पाणी सोडलंस? दादा असता तर त्यानेही सांगितलं असतं, काप तो गाल."

"तो नसता म्हणाला," वहिनी म्हणाली.

"तुझं चांगलं जमलं, त्याचं बिघडलं, एवढीच तर गोष्ट आहे."

तिने माझ्याकडे बघितलं आणि गॅरेजचं दार ओढून घेतलं. दोन दिवस मला कॉफीला हाक नाही. मी माझ्या घरी कॉफी करून प्यायलो. ती वाईट झाली होती.

शनिवारी ओहायोहून एक जोडपं आलं, रॉस्को आणि लिनेट. हा शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करणारा, ती जनावरांच्या दवाखान्यात कामाला. गाडीतून उतरले तेच भांडत.

"मी म्हटलं होतं, धान्याच्या कोठारापाशी वळ."

"तू म्हणालीस तेव्हा कोठार मागे पडलं होतं."

"कारण तू ऐकतोस कधी?"

मी व्हरांड्यातून उठून लगबगीने तिकडे गेलो. हे सोडण्यासारखं नव्हतं.

रॉस्को बॉनेटपाशी थांबला, धुतलेला अर्धा भाग बघितला, माझ्याकडे बघितलं आणि सभ्य माणसासारखा पुढे सरकला. मग चांगल्या शर्टानिशी जमिनीवर आडवा होऊन गाडीखाली शिरला. बराच वेळ त्याचे नुसते पाय दिसत होते. लिनेट मागे जाऊन उकिडवी बसली. तिने आधी डाव्या मडगार्डवरून तळवा फिरवला, मग उजव्या.

"रॉस्को, हे दोन सारखे नाहीत."

"दिसतंय मला."

"तू तर गाडीखाली आहेस."

"खालूनही दिसतंय. उजवं पार गेलंय कामातून. त्याला जरा घासून..."

"हात लावून तर बघ," लिनेट म्हणाली. "मला हेच आवडलंय. हेच मागनं ओळखू येईल. गर्दीत तुझी गाडी शोधत बसावं लागणार नाही मला."

"डावं चांगलं आहे, मान्य कर."

"चांगलं आहे म्हणून आवडलंच पाहिजे का? तुला तरी मी काय म्हणून ठेवलाय?"

गाडीखालून हसू आलं. वहिनी काठीवर रेलून ऐकत होती. मी तिला ओळखतो, ती कान देऊन ऐकते तेव्हा जबडा हलवते. "घेऊन काय करणार?" तिने विचारलं.

रॉस्को बाहेर आला. केसांत कोळिष्टकं, पाठीला माती. "ब्रेक. टायर. पेट्रोलची टाकी धुवायची. आणि चालवायची, बाई. दुसरं काय करतात गाडीचं?"

"तो लाकडाचा ठोकळा?"

"तो माझा," लिनेट म्हणाली. ती वहिनीहून बोटभरच उंच असेल.

मग लिनेट परत मागे वळली. हे कुणी केलं, असं तिने विचारलं नाही. स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाली, "डावं ज्याने केलं त्याला कसली घाई नव्हती. उजवं करणारं माणूस मात्र रागात होतं. बघा ना, पेपर कसा खसाखसा घासलाय."

मी हसलो. म्हटलं, "अहो, रागात नव्हता, माझा भाऊच तसा, धसमुसळा..."

"ऑरिन, गप्प बस," वहिनी म्हणाली. आणि मग ती माझ्या खुर्चीत बसली. "उजवं माझं आहे."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "वहिनी, डावं तुझं."

"डावं त्याचं. तेव्हा आम्ही आठवडाभर बोलत नव्हतो. गाडी घेऊन पट्टीवर गेलो, तिथे कुणीतरी विचारलं, हे सुरेख मडगार्ड कुणी केलं? माझ्या तोंडून निघून गेलं, मी. तो शेजारीच उभा होता. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर माझी फजिती करणार. मी केली असती. तर माझ्याकडे बघून म्हणाला, 'हो, तिचंच आहे. ते भोपळ्यासारखं माझं.' आठवड्यात पहिल्यांदा माझ्याकडे तोंड करून बोलला, ते हे." तिने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "त्यानंतर खरं सांगायला मला जमलंच नाही. आणि तो पन्नास वर्षं ऐकून घेत राहिला. तुझंसुद्धा."

माझंसुद्धा. दर नाताळला. मला एकदम वाईट वाटलं. त्या माणसाने मला एकदा नुसती कोपरखळी मारून सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण मी ते गावभर केलं असतं, हे त्याला माहीत होतं. मी न्हावी होतो.

रॉस्कोने टोपी काढली होती. क्लेटनने सांगितलेल्या किमतीच्या जवळपासही त्याची किंमत नव्हती, आणि त्याने ती खाली बघतच सांगितली. वहिनी म्हणाली, "चालेल. पण उजवंसुद्धा ठेवायचं. त्याने ते पन्नास वर्षं स्वतःचं म्हणून सांभाळलंय."

"कुणी हात लावला तर माझ्याशी गाठ आहे," लिनेट म्हणाली.

मग आमच्याकडची रीत, गाडी जाण्याआधी तिचा आवाज ऐकायचा. रॉस्कोने नवी बॅटरी जोडली, बाटलीने पेट्रोल पाजलं. गाडी खोकली, थुंकली, काळा धूर माझ्या तोंडावर सोडला आणि मग दारांखालच्या त्या पाइपांतून असा गरजली की गल्लीतली सगळी दारं उघडली. वहिनी काठी आपटत हसत होती आणि डोळे पुसत होती. म्हणे, धूर गेला डोळ्यांत. धूर माझ्याकडे येत होता.

उघड्या ट्रेलरवर चढून गाडी निघाली. कोपऱ्यावर वळेपर्यंत दोन्ही गाल दिसत होते, आणि पुढे कुठे वळायचं यावरून ओढणाऱ्या गाडीतल्या दोघांचं चाललेलंही ऐकू येत होतं.

रिकाम्या गॅरेजमध्ये जमिनीवर ती जांभळी रेघ अजून होती. मी तर विसरूनच गेलो होतो. वहिनी तिच्याकडे बघत उभी राहिली, मग काठी टेकत टेकत रेघ ओलांडून डाव्या, दादाच्या बाजूला गेली.

"ऑरिन," ती म्हणाली, "आता बोलतेच आहे तर अजून एक. सासूबाईंच्या नूडल्स खरंच चांगल्या असायच्या. कुणाला सांगू नकोस."

"मला कशाला सांगतेस," मी म्हटलं. "माझीच आई ती. मी तर तुझ्या नूडल्स तोंडदेखल्या खात आलोय."

तिने काठी उगारली. मग म्हणाली, "चल, कॉफी करते."