गाणारे पेंटर

घराला रंग द्यायचा निघाला की शेजारीपाजारी सांगायचे, "त्या गाणाऱ्या पेंटरला बोलवा. काम चोख, पण दिवसभर गाणं ऐकायची तयारी ठेवा." ते पेंटर म्हणजे बाबा. हे त्यांच्या कानावर आलं की स्वारी खूश. सामान हलवून रिकामी केलेली खोली म्हणजे त्यांचा जीव की प्राण. आत शिरल्यावर ब्रश भिजवायच्या आधी ते मधोमध उभे राहायचे, एक लांबलचक सा लावायचे आणि भिंतींनी तो नीट परत केला की मगच शिडी उघडायचे.

एखादं गिऱ्हाईक वैतागायचं. "अहो, रंग देताय की मैफल भरवलीय?"

"हात तुमच्या कामावर आहेत ना? तोंड तेवढं माझं आहे," बाबा वरूनच म्हणायचे.

लेक प्राथमिक शाळेत असताना त्यांनी तिला गाण्याच्या क्लासला घातलं. तिला त्यात काडीचा रस नव्हता. थोड्याच दिवसांत तिने अंग काढून घेतलं, तर तिच्या जागेवर बाबाच जाऊन बसले. क्लासच्या बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "इथे सगळी पोरं आहेत. चुकलात तर त्यांच्यासारखंच ऐकून घ्यावं लागेल."

"ऐकायलाच तर आलोय."

फ्रॉक आणि हाफ पॅन्टींच्या रांगेत हा रंगाचे डाग पडलेला दांडगा माणूस, गुडघे कुठे ठेवावेत न कळणारा. शाळेत मुली लेकीला विचारायच्या, "तुझे बाबा आमच्या वर्गात आहेत ना गं?" तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा ती घरी येऊन रडलीच.

"लाज वाटते माझी?" बाबांनी विचारलं.

"हो."

"वाटू दे थोडे दिवस. लाज जाते. शिकायचं राहून गेलं, तर ते मात्र जात नाही."

बाईंनी म्हातारपणी क्लास बंद केला, तोवर बाबा शिकत राहिले. पुढे आई गेली, गुडघ्यांनी शिडीशी वैर धरलं, आणि बाबा लेक-जावयाकडे राहायला आले. लेक घरीच पडदे, उशांचे अभ्रे शिवायची. मशीनची खडखड आणि पलीकडच्या खोलीत आजोबा-नातीचा रियाज, असं घर चाललं होतं. नातीला मात्र गाण्याचं वेड होतं.

मग एका सकाळी दाढी करता करता बाबा बेसिनपाशी कोसळले. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. एकच शब्द उरला, "बरं." पाणी हवंय? बरं. दुखतंय का? बरं. मनातलं पोचत नाही म्हणून ते डाव्या मुठीने पलंग बडवायचे आणि ओरडायचे, "बरं! बरं!"

भेटायला येणारे त्यांच्याशी बहिऱ्याशी बोलावं तसे ओरडून बोलायचे. एक मावशी तर त्यांच्यासमोरच म्हणाल्या, "आता काही खरं नाही गं." लेकीने त्यांच्या हातातला चहाचा कप काढून घेतला. "मावशी, त्यांना सगळं ऐकू येतं. शब्द तेवढे अडलेत."

एका दुपारी नात रियाजाला बसली होती. नेहमीच्या बंदिशीत ती एका ठिकाणी घसरली, आणि पलंगावरून बाबांनी ती ओळ गाऊन दाखवली. शब्दांसकट. मशीनवरचा लेकीचा पाय थांबला. ती धावत आली. "बाबा, परत म्हणा!" बाबा स्वतःच थक्क झालेले. बोलायला तोंड उघडलं तर बाहेर पडलं, "बरं."

बोलणं परत शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंना याचं नवल वाटलं नाही. "कधी कधी बोलण्याची वाट बंद होते, पण गाण्याची उघडी राहते. त्या वाटेने शब्द आणून बघू. घरी कोण गातं?"

"मी!" नात म्हणाली.

तिने 'पाणी द्या' ला चाल लावली. बाबा डाव्या हाताने मांडीवर ताल धरायचे आणि एकेक अक्षर ओढून आणायचे. चाल बाळबोध वाटली की कपाळाला आठ्या. कधी घाम फुटायचा, कधी रडू. एकदा पेला भिरकावला तो कपाटावर आदळला. लेक म्हणायची, "आज राहू दे ना, बाबा." पण पेला भिरकावल्याच्या दुसऱ्या दिवशी ती उठायच्या आत बाबा पलंगाच्या कडेला बसून ताल देत होते.

एक दिवस त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. एकट्याने दुकानात जायचं होतं, ब्लेड आणायला. लेक थोडं अंतर ठेवून मागे गेली आणि फुटपाथवर थांबली. गिऱ्हाइकांची गर्दी होती. बाबांनी काउंटरवर ताल धरला. "दा-ढी-चं..." दुकानदार भला माणूस. त्याने पटकन पाकीट पुढे केलं. बाबांनी ते परत सरकवलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मागे कुणीतरी फिसकन हसलं. लेकीने पदर मुठीत घट्ट धरला, पण पाऊल उचललं नाही. "दा-ढी-चं ब्ले-ड द्या," बाबांनी पुरं केलं आणि शेवटी, कुणी मागितली नसताना, शेवटच्या सुरावर गळ्यातून एक छोटीशी हरकत घेतली. मग पाकीट उचललं.

त्यानंतर बाबा बोलायला लागले ते कायम अर्धंमुर्धं गातच. नात पहिल्यांदा मोठ्या कार्यक्रमात गायली, तेव्हा तिची ओळख आपणच करून द्यायची असा त्यांनी हट्ट धरला. कार्यकर्ते कुरकुरले. "वेळ लागेल हो."

"लागू दे," लेक म्हणाली.

बाबा माईकपुढे उभे राहिले. "ही मा-झी ना-त," त्यांनी सुरू केलं. पुढच्या रांगेतल्या लोकांना वाटलं गाणं सुरू झालं, आणि त्यांनी माना डोलवायला सुरुवात केली. बाबांनी कुणाचा गैरसमज दूर केला नाही. सावकाश, सुरात, सगळी वाक्यं संपवूनच ते खाली उतरले.

पुढच्या वर्षी बाबा झोपेतच गेले. आदल्या दुपारी पंखा किती जोरात ठेवायचा यावरून त्यांचं जावयाशी कडाक्याचं भांडण चाललं होतं. जावई घसा फोडून ओरडत होता, आणि बाबा शांतपणे वरच्या पट्टीत उत्तरं गात होते.