विकण्याचं कारण

घर विकायला काढलं तेव्हा माझ्या हातून दोन चुका झाल्या. एक किमतीची, ती सगळेच करतात. दुसरी खास माझी होती. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी एक मुलगा जन्माला घातला आणि त्याला पुण्यात नोकरीही लावून दिली.

सांगतो नीट. बोळिंजमधली आमची इमारत चार मजली, बिनलिफ्टची, आणि आम्ही चौथ्यावर. घर घेतलं तेव्हा बायको दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन एका दमात वर यायची आणि दारात उभी राहून मला, मागून धापा टाकत येणाऱ्याला, हसायची. वीस वर्षांनी तिचे दोन्ही गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा, पण जिने बंद. ऑपरेशनला ती तयार नव्हती, आणि जिने तिने तसेही बंदच केले होते. दीड वर्षात ती दोनदा खाली उतरली, दोन्ही वेळा खुर्चीत बसून, दवाखान्यात जायला.

पलीकडच्या गल्लीत तळमजल्याची एक जागा विकायची होती. मालक ओळखीचे. म्हणाले, "गणपतीपर्यंत थांबतो तुमच्यासाठी, त्यापुढे नाही." आमचं विकल्याशिवाय ते घेणं शक्य नव्हतं. म्हणजे गणपतीच्या आत घर गेलं तर बायको जमिनीवर येणार, नाही गेलं तर खिडकीतच राहणार. इतका साधा हिशेब होता.

येणारा प्रत्येक जण विचारायचा, "का विकताय?" आता गुडघ्यांमुळे विकतोय म्हणणं म्हणजे आपल्याच जिन्याची बदनामी. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं माझं तेव्हा मत होतं. मुलीकडे राहायला जातोय म्हणावं, तर आमची एकुलती एक मुलगी भाईंदरला सासू-सासऱ्यांसकट दोन खोल्यांत, आणि मुलीकडे राहायला जातो म्हणायला माझी जीभही वळेना. म्हणून मग मुलगा. पुण्यात असतो, आम्हाला बोलावतोय. एकदा तर मी त्याला बढतीही देऊन टाकली.

आणि लोक घर बघायला आले की मी बायकोला आतल्या खोलीत बसवून दार ओढून घ्यायचो. ती चालताना भिंत धरते, ते कुणी बघू नये म्हणून. "पाच मिनिटांचा प्रश्न आहे," मी म्हणायचो. ती उठून आत जायची.

किंमत मी एक्केचाळीस लाख ठरवली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी घर विकून जाताना सगळ्यांना एकोणचाळीस सांगितले होते. शिवाय आमच्याकडे हॉलला पीओपीचं छत, आणि वर दोन लाख घासाघिशीला ठेवलेले. अडीच महिन्यांत पंधराएक माणसं आली. निम्मी दुसऱ्या मजल्यावरूनच फोन करून परत गेली. उरलेल्यांनी घर पाहिलं, खिडकीतला वारा पाहिला, छान आहे म्हणाली, मुलाची चौकशी केली आणि नाहीशी झाली.

मग बायकोने मला न विचारता खालच्या वाणसामानाच्या दुकानदाराला फोन केला आणि त्याच्या ओळखीच्या एजंट बाईंना बोलावून घेतलं.

बाई पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, स्कूटरवर येणाऱ्या. खाडीकडच्या जुन्या शेतकरी घरातल्या. घरची भातशेती अजून भाऊ करतो. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत लोखंडी मोजपट्टी. चार मजले चढून आल्या, सरळ सोफ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "दमले हो. खोटं कशाला बोलू?" मला तेव्हाच त्या आवडल्या नाहीत.

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातला नळ सोडून पाहिला. कोरडा. "पानी कधी येतं?"

"सकाळी पाऊण तास. पण टाकी भरून ठेवतो आम्ही."

"आनि वयनी कुठे हायत?"

"झोपल्यात," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आतलं दार ढकललं. बायको पलंगाच्या कडेला, हात मांडीवर ठेवून, नेसलेली-सवरलेली बसली होती. कुणाची तरी वाट बघत बसावं तशी.

बाईंनी तिला नमस्कार केला. मग माझ्याकडे वळल्या. "भाऊ, तुमच्या घराबद्दल लोक काय बोलतात माहीत हाय? कागदांत लफडं हाय म्हणतात."

मी उसळलोच. आमच्या इमारतीला परवानगी आहे, सोसायटी नोंदलेली आहे, एकूण एक कागद माझ्याकडे फाइलमध्ये लावलेला आहे. पण बाईंनी पुढे जे सांगितलं ते वेगळंच होतं. घर बघून माणसं खाली जातात, दुकानात थंड काहीतरी घेतात आणि सहज विचारतात, चौथ्या मजल्यावरच्यांचा मुलगा पुण्यात काय करतो? दुकानदार आम्हाला बावीस वर्षं ओळखणारा. तो बिचारा खरं सांगतो, "कोण मुलगा? त्यांना एकच मुलगी." झालं. आमच्या भागात बेकायदा इमारतींनी इतक्यांचे हात पोळलेत, की जो माणूस आख्खा मुलगा रचून सांगतो तो फाइलमध्ये काय काय लपवत असेल, हे गिऱ्हाइकाला वेगळं सांगावं लागत नाही.

"म्हणजे मी काय चोर आहे?" मी आवाज चढवला.

"चोर नाय हो," बाई म्हणाल्या. "चोर इतकं कच्चं खोटं बोलत नाय."

पलंगावरून बायको हसली. मोठ्याने, तोंडावर पदर न घेता. माझं पितळ उघडं पडल्याचा तिला झालेला आनंद मी आजही विसरलेलो नाही.

बाईंनी तिचा हात धरून तिला बाहेर आणलं, हॉलमध्ये खिडकीपाशी बसवलं. मग मला हळू आवाजात, तिला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या, "घरातलं मानूस लपवून घर विकू नये." लाज वाटली मला, खरंच लाज वाटली. अडीच महिने मी तिला एखाद्या ओल आलेल्या भिंतीसारखं झाकत होतो.

पुढचे आठ दिवस त्या बाईंनी आमच्या घरावर जे राज्य केलं, ते बघण्यासारखं होतं. ओल आलेली भिंत खरोखरच होती, बाथरूमला लागून. मी तिच्यासाठी रंगाचा डबा आणून ठेवला होता. बाईंनी डबा परत करायला लावला. "ताज्या रंगाचा वास आला की गिऱ्हाईक नखाने भिंत खरवडतं." आधी प्लंबर बोलावून गळका पाइप बदलून घेतला, त्याची पावती भिंतीशेजारी चिकटवली आणि डाग तसाच वाळू दिला. उदबत्ती लावू दिली नाही, कारण वास मारतोय म्हणून लावलीय असं वाटतं. माळ्यावरची बावीस वर्षांची खोकी भंगारात गेली. बाल्कनीतले कुंड्यांचे सांगाडे गेले. दिवे बदलले, स्विचबोर्ड रॉकेलच्या बोळ्याने पुसून काढले. स्वयंपाकघराचा ओटा मात्र बायकोनेच घासला, स्टुलावर बसून, कुणाला हात लावू न देता.

पाण्याचंही त्यांनी कागदावर लिहून नळाच्या वर लावलं: रोज सकाळी पाऊण तास, उन्हाळ्यात टँकर. "हे कशाला?" मी कळवळून म्हटलं. बाई म्हणाल्या, "ते काय आज ना उद्या कळणारच. तुमच्याकडून कळलं तर बाकीचं खरं वाटेल."

किमतीच्या दिवशी आमचं कडाक्याचं वाजलं. मोजपट्टी लावून त्यांनी आतली जागा मोजली. मी वीस वर्षं ज्या आकड्यावर मिरवत होतो, त्यातला जिना आणि भिंती वजा जाता बराच कमी निघाला. पीओपीच्या छताकडे तर त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही. "त्याला किती धरायचे?" मी विचारलं. "तुमी खाली इतकी वर्षं झोपलात ना? वसूल झालं." मग पिशवीतून एक कागद काढला. दुसऱ्या मजल्यावरच्या घराच्या नोंदणीचा उतारा. एकोणचाळीस सांगत फिरणाऱ्या त्या गृहस्थांचं घर प्रत्यक्षात पस्तिसाला गेलं होतं. "आनि तुमी दोन जिने वर," बाई म्हणाल्या. "चौतीस. एक पैसा वर नाय, एक पैसा खाली नाय."

"आणि घासाघिशीला?"

"घासाघिशीला ठेवलेले दोन लाख बघूनच मानसं येत नाहीत, भाऊ. ज्याच्याकडे चौतीस हायत तो एक्केचाळीसची पाटी वाचून जिना कशाला चढेल?"

सात लाख. मी रात्रभर चिडचिड केली. पण माझ्या अक्कलहुशारीने इतके दिवस काय दिवे लावले होते, ते समोर दिसत होतं. सकाळी हो म्हणालो.

बाईंनी आता सगळ्यांना आणलं नाही, निवडून आणलं. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस किंवा पोटुशी बाई, त्यांना फोनवरच नको म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी दोन बहिणी आल्या, दोघी नोकरी करणाऱ्या, भाड्याच्या खोलीला कंटाळलेल्या. मोठीने आल्या आल्या विचारलं, "का विकताय?"

मी तोंड उघडण्याआधी बायको बोलली. "माझे गुडघे गेलेत गं. मला चढवत नाही. नाहीतर हे घर मी सोडलं नसतं." आणि मग ती बोलतच सुटली. वारा कुठल्या खिडकीतून येतो, कपडे कुठल्या दोरीवर दुपारपर्यंत वाळतात, डास इतक्या उंच येत नाहीत, शेजारीण तिरसट आहे पण अडीअडचणीला धावून येते. ओलीची भिंत तिने स्वतः दाखवली, पावतीसकट. धाकटी बहीण तिच्याशेजारी खाली बसून ऐकत होती. मी फाइल हातात धरून कोपऱ्यात उभा होतो, आणि मला कुणी काही विचारत नव्हतं. ती किती सुंदर बोलते, हे मला परक्या माणसांसमोर पुन्हा कळावं, याचं वाईटही वाटलं आणि बरंही.

बहिणींनी फाइल वकिलाला दाखवली आणि साडेतेहतीस म्हणून पाहिलं. बाई म्हणाल्या, "चौतीस," आणि चहा पीत राहिल्या. दुसऱ्या दिवशी टोकनचे, म्हणजे इसाऱ्याचे पैसे आले. कर्जाचे कागद, नोंदणी, सगळं उरकून गणपतीच्या नऊ दिवस आधी आम्ही पलीकडच्या गल्लीत गेलो. मी बाईंना त्यांच्या ठरलेल्या दलालीशिवाय एक साडी द्यायला गेलो, तर म्हणाल्या, "साडी नको, पुढच्या वेळी नवा मुलगा नको, हाय ती मुलगीच सांगा."

नव्या घरातला दुसरा दिवस. सकाळचे आठ वाजले असतील. मी खोकी सोडवत होतो, दोरीच्या गाठींवर चिडत होतो. मागे चपला घासल्याचा आवाज झाला. बायको दारात उभी होती, एका हाताने चौकट धरून, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. समोरच्या गाडीवर मेथी दिसत होती तिला.

"येते हं," ती म्हणाली.

बाहेर पडताना कुणीही म्हणतं तो हा शब्द. आमच्या घरात दीड वर्षात तो उच्चारला गेला नव्हता. जे माणूस जातच नाही, ते 'येते' कशाला म्हणेल? आणि तो शब्द घरातून गेला होता, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी "हं, ये" म्हणालो, गाठ सोडवायच्या निमित्ताने मान खाली घातली आणि ती रस्त्याला लागेपर्यंत वर काढली नाही.