धुतलेलं मुसकं

वडूजमध्ये दुपारी वीज गेली की बाकीचे दुकानदार शिव्या देतात. रसूलभाई पिंजारी मात्र कापूस पिंजायचं यंत्र थांबल्याबरोबर मान वर करतात आणि विचारतात, "कोन खोकलं?"

कुणीच खोकलेलं नसतं. शेजारी माझी पिठाची गिरणी आहे, तीही बंद पडलेली असते. गादी भरून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक इकडंतिकडं बघतं. मग मी भिंतीपलीकडून ओरडतो, "मी खोकलो, रसूलभाई!" ते "बरं" म्हणतात. माझ्यावर त्यांचा विश्वास बसत नाही, हे मला ठाऊक आहे.

एकेकाळी या माणसाइतका हसरा माणूस आमच्या गल्लीत नव्हता. बापजाद्यांपासून धंदा कापसाचा, त्यामुळं नाकातोंडाला फडकं बांधूनच मोठे झालेले. कोरोनात गाद्या कोण भरून घेणार? तेव्हा त्यांनी मास्क शिवले. सांगलीच्या एका व्यापाऱ्याकडून धूळ गाळणाऱ्या पांढऱ्या कापडाचं थान आणलं. साथ ओसरली, थान उरलं. आणि त्यांच्या डोक्यात नाथाजी आला.

नाथाजी माण तालुक्यातला. त्याच्या गावची माणसं मुंबईला गेली, हा दहिवडीच्या रस्त्याला खडीच्या क्रशरवर लागला. दगड भरडायच्या यंत्राच्या तोंडाशी त्याचं काम. बाजारच्या दिवशी दुकानात येऊन बसायचा, तो बसलेल्या जागी राखाडी डाग उठायचा. मालकानं धुळीवर उपाय म्हणून काय केलं होतं? रोज संध्याकाळी प्रत्येकाला गुळाचा खडा. गूळ खाल्ला की छातीतली धूळ उतरते म्हणे! उतरत असती तर मालकानं स्वतः यंत्रापाशी बसून गूळ खाल्ला नसता का?

"नाथाजी, तुला एक चीज करून देतो," रसूलभाई म्हणाले, आणि कामाला लागले.

पहिलं शिवलं ते दोऱ्या कानाला काचतात म्हणून परत आलं. दुसऱ्यात घामानं जीव गुदमरायचा. मग त्यांनी पट्टा टोपीवरून मागं नेला, नाकावर बसायला मोडक्या छत्रीची तार घातली, सुती पिशवी शिवली आणि आत त्या पांढऱ्या कापडाची घडी सरकवायला फट ठेवली. क्रशरवरची पोरं हसली. "रसूलचाचा, आमी काय मळणीचं बैल हाय व्हय, मुसकं बांधताय ते?" तेव्हापासून त्याचं नाव मुसकंच पडलं. तंबाखू थुंकायला ते काढावं लागतं, ही मुख्य तक्रार. नाथाजीनं मात्र बिनतक्रार बांधलं. त्याचं बघून बाकीच्यांनी बांधलं, मग बायकांनीही.

रसूलभाईंनी त्याला नीट समजावलं होतं, मी तिथंच होतो. "पिशवी धू, पन आतली घडी धुवायची न्हाई. साबन लागला की त्या कापडाची धूळ धरायची ताकद जाती. आठवड्यानं काढून टाक, नवी घाल." आणि बिस्किटाच्या डब्यात भरून नव्या घड्या दिल्या. नाथाजी "व्हय, व्हय" म्हणाला आणि डबा काखेत मारून गेला.

पुढं रसूलभाई गाद्या पोचवायला क्रशरजवळच्या वस्तीवरून जायचे तेव्हा नाथाजीच्या कुंपणावर मुसकं वाळत असायचं. बगळ्यासारखं पांढरं. परत येऊन मला कौतुकानं सांगायचे, "बयावैनी पिशवी कशी ठेवती बघ!"

बयाबाई, नाथाजीची बायको, स्वच्छतेला पक्की. आपल्याकडं नवऱ्याच्या कपड्यावरून बाईची पारख करतात, आणि खडीवरच्या माणसाची बायको असून तिच्या नवऱ्याची टोपी कधी मळकी दिसली नाही.

तरी नाथाजी खोकत गेला. आधी टीबीची औषधं झाली. मग सांगलीच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, छातीत दगडाची धूळ आहे, फार जुनी आहे, आता निघणार नाही. मागच्या उन्हाळ्यात तो गेला.

दिवसकार्य झाल्यावर बयाबाई दुकानात आली. हातात मुसकं आणि तो बिस्किटाचा डबा.

"रसूलभाऊ, दुसऱ्या कुनाला तरी उपेगी पडंल. रोज धुतलंय मी. कामावरनं आल्याबरुबर साबन लावून, दगडावर आपटून. येक दीस चुकवला न्हाई."

रसूलभाईंनी फटीत बोट घातलं आणि आतली घडी ओढून काढली. उजेडात धरली तर आरपार पलीकडचा रस्ता दिसला. मग डबा उघडला. सगळ्या घड्या कोऱ्या. कोरं ते जपून ठेवावं, ही आपली जुनी खोड. आणि धुण्याचं बायकोला सांगायचं असतं, हे नाथाजीच्या डोक्यात आलंच नसणार. कुठल्या पुरुषाच्या येतं?

"धुन्यात काय कमी पडलं का वं?" बयाबाईनं विचारलं.

"न्हाई वैनी," ते म्हणाले. "काय बी कमी पडलं न्हाई."

त्या दिवसापासून वीज गेली की त्यांना खोकला ऐकू येऊ लागला. मुसकी शिवायचं थांबवलं. पांढरी चादर वाळताना दिसली तरी तोंड फिरवायचे. कधी कधी नाथाजी बसायचा त्या रिकाम्या जागेकडं बघत मला म्हणायचे, "मी बाईला सांगाया पायजे हुतं, सयाजी. गड्याला सांगून बसलो."

एक दिवस बातमी आली की बयाबाईची लेक राणी खडी चाळायच्या कामावर लागली. तोंडाला कुणाचं तरी जुनं मुसकं, बापासारखंच. आता माझं डोकं फिरलं.

"चला वस्तीवर. सगळ्या बायकांना सांगा, धुऊ नका."

"सांगितलं तर बयावैनीला कळंल. तिच्या हातानं नवऱ्याचं... सयाजी, ती जगंल का?"

"आणि नाही सांगितलं तर राणी जगेल का?"

मी बोललो ते खरं होतं, पण त्यांचा चेहरा बघून मला माझीच चीड आली. ते उठले, डब्यातली एक घडी खिशात घातली आणि माझ्या गाडीवर मागं बसले.

वस्तीवर पोचलो. दारादारांत, कुंपणाकुंपणावर, मुसकी वाळत होती. पांढरीशुभ्र. बयाबाईचं बघून साऱ्या बाया शिकल्या होत्या. रसूलभाईंनी माझा खांदा घट्ट धरला.

बयाबाई दगडाशी बसून राणीचं मुसकं घासत होती. राणी दारात उभी, भुवयांवर धूळ. आम्हाला बघून ती खोकली. साधंच, घसा साफ केल्यासारखं. रसूलभाई जागच्या जागी थांबले.

मग त्यांनी खिशातली घडी काढली आणि वाटेत जुळवलेलं खोटं बोलले.

"वैनी, ह्ये नवं कापड आलंय. ह्ये धुवायचं न्हाई. जुनं येगळं हुतं, ते धुतलं तर चालायचं."

बयाबाईनं हात पदराला पुसले आणि घडी घेतली. दोन बोटांत धरून चोळली. पुन्हा चोळली.

"भाऊ, ह्ये त्येच हाय. पयल्या दिवशी धुताना असंच लागलं हुतं हाताला. मागनं मऊ पडलं."

बादलीतला फेस बसत चालला होता.

"त्येंचं बी धुवायचं नव्हतं व्हय?"

"डाक्टर म्हनला, धूळ लय वर्सांची हुती. मुसकं यायच्या आधीची."

"त्ये न्हाई इचारलं मी."

रसूलभाई रडायला लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. "न्हाई," ते म्हणाले. "धुवायचं नव्हतं. मी तुमाला सांगाया पायजे हुतं."

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं असं मला वाटलं. तिनं हातातलं मुसकं पिळलं, मग पिळलेल्या मुसक्याकडं बघत राहिली आणि ते दगडावर ठेवून दिलं. उठली. कुंपणापाशी जाऊन शेजारणीचं मुसकं काढलं आणि तिच्या दारात गेली.

"ह्ये धुवू नगंस गं. आतलं नवं घालायचं असतंय. रसूलभाऊ देतील."

शेजारीण कणकेच्या हातानंच बाहेर आली. "आवं काकू, तुमीच तर शिकवलं. आन् आता काय झालं?"

बयाबाईनं मुसकं तिच्या हातात दिलं.

"मी त्येंचं रोज धुवायची," ती म्हणाली, आणि पुढच्या दाराकडं गेली.